लागलं नाही, तरी रक्त का?

रक्ताचे डाग असलेला पॅड दिसला की चार-पाच वर्षांचं मूल घाबरून विचारतं, "आई, तुला लागलं का?" त्या वयात रक्त म्हणजे जखम, एवढंच ठाऊक असतं. म्हणून आधी ही भीती घालवायची. "नाही रे, लागलेलं नाही. बाळ वाढण्यासाठी पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते. तिच्या आतलं मऊ अस्तर दर महिन्याला नवं तयार होतं. बाळ येणार नसेल, तर जुनं अस्तर थोड्या रक्ताबरोबर बाहेर पडतं. याला पाळी म्हणतात." मुलगा असो की मुलगी, इतकं पुरतं.

आठ-नऊ वर्षांची मुलं मात्र अडवतात: जखम नाही, मग रक्त कुठून आलं? हाच भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. या अस्तरात स्प्रिंगसारख्या पिळदार रोहिण्या, म्हणजे रक्त आणणाऱ्या नळ्या असतात. अस्तर टिकवून धरतं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक. गर्भ रुजला नाही की ते घटतं, प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात आणि या रोहिण्या करकचून आवळल्या जातात. रक्त न मिळाल्याने वरचा थर सुटू लागतो. मग रोहिण्या सैलावतात आणि त्यांच्या कमजोर झालेल्या भिंतींतून रक्त झिरपतं. मार्की या शास्त्रज्ञाने हे चक्क डोळ्यांनी पाहिलं. ऱ्हीसस माकडिणींच्या अस्तराचे तुकडे त्यांच्याच डोळ्यांच्या पारदर्शक पडद्यामागे रुजवून केलेली ही निरीक्षणं त्याने १९४० मध्ये प्रसिद्ध केली. गंमत म्हणजे रक्त थांबायच्या आधीच खालच्या थरातून दुरुस्ती सुरू होते, आणि मागे व्रणही राहत नाही. त्वचेला हे जमत नाही!

"घाण रक्त बाहेर पडतं" असं मात्र मुलांना कधीही सांगू नका. ते साफ खोटं आहे. १९२० मध्ये बेला शिक या नामवंत डॉक्टरनेही पाळीच्या रक्तात फुलं कोमेजवणारं विष असल्याचा दावा केला होता. तो टिकला नाही. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे रक्त जातं. नसांमधून वाहतं तेच हे रक्त, सोबत अस्तराचे कण आणि स्राव.

शेवटी "दुखतं का?" हे येतंच. खरं सांगावं: काहींना दुखतं. तीच प्रोस्टाग्लँडिनं गर्भाशयाचा स्नायूही आवळतात, म्हणून कळा येतात. शाळा बुडण्याइतकं दुखत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं.