भरतीने मिटणारं दार

'खारं पाणी शेतात घुसतंय ना, मग पक्की भिंत घाला की!' किनाऱ्यावर कुठे बांध फुटल्याची बातमी आली की हा सल्ला ठरलेलाच. पण भिंत घातली, तर पावसाचं पाणी जाणार कुठून? कोकण-गोव्यात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर. आषाढातच शेताचं तळं होईल.

गोव्यातल्या खाजणांनी, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांनी, यावर दार शोधलं. मांडवी, जुवारी अशा नद्यांच्या खाड्यांलगत, भरतीच्या पातळीखाली असलेली साधारण 18 हजार हेक्टर जमीन अशी राखलेली आहे. भोवती चिखल-चिऱ्यांचा बांध, आत कोरगुटसारखं खारं सोसणारं भात, मासे, कुठे मिठागर. आणि बांधात लाकडी झडपांचं दार, ज्याला तिथे 'मानस' म्हणतात.

आता या दाराची गंमत. झडप फक्त नदीच्या बाजूला उघडते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो हे शाळेत शिकलोय. त्यामुळे झडपेवरचा एकूण जोर खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. एक मीटर रुंद झडप घ्या. आत एक मीटर पाणी असेल तर ते झडप सुमारे 500 किलो वजनाच्या जोराने बाहेर ढकलतं. भरतीने बाहेर दीड मीटर पाणी झालं, की तिकडून 1125 किलो. फरक सव्वासहाशे किलोंचा! झडप चौकटीवर घट्ट बसते. ओहोटीला उलटं होतं, आतलं पाणी तिला उघडून निघून जातं. त्यातही एक खुबी आहे. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा लिटरमागे सुमारे 25 ग्रॅम जड. दोन्हीकडे मीटरभर पाणी असलं, तरी खाऱ्या बाजूचा जोर बारा-साडेबारा किलोंनी जास्त भरतो. म्हणजे पातळी बरोबरीला यायच्या जरा आधीच दार मिटायला बघतं.

यावरून 'पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं' असे फॉरवर्ड कृपया पाठवू नका. फळ्या कुजतात, खेकडे बांध पोखरतात, आणि डागडुजी सतत करावीच लागते. पूर्वजांकडे सूत्र नव्हतं, डागडुजीची शिस्त होती.

ती शिस्त 'गावकरी'ची, म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची. पोर्तुगिजांनी 1526 मध्ये तिच्या चालीरीती लिहून काढल्या, पण संस्था त्याआधीची. पुढे 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. मानशीजवळच्या मासेमारीचा लिलाव होतो. ठेकेदाराला दार जास्त वेळ उघडं हवं, कारण खारं पाणी जास्त तर मासळी जास्त. भातवाल्याला ते मिटलेलं हवं. दार एकच, पण शेती, मासे, वन, महसूल यांची खाती वेगळी. भरीला खारफुटी. बांधाबाहेर ती लाटा मोडते, बांध वाचवते. बांध फुटून शेतात रुजली, तर तीच शेत गिळते. 2011 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत खाजणंही राखायची आहेत आणि त्यांच्यालगतची खारफुटीही. माझ्या मते, बांधाला पडलेलं भगदाड वेळेत बुजवलं तर हे भांडण उभंच राहत नाही.

पुन्हा दाराकडे येतो. समजा भरती-ओहोटीत दीड मीटरचा फरक आहे आणि शेतातलं पाणी समुद्राच्या सरासरी पातळीखाली 30 सेंटिमीटर ठेवायचं आहे. भरतीचं एक चक्र 12 तास 25 मिनिटांचं. कागदावर साइन वक्र काढून पाहिलं, तर दर चक्रात बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली राहतं सुमारे साडेचार तास. पाण्याचा निचरा तेवढ्या वेळातच. समुद्र फक्त 10 सेंटिमीटर चढला, तर उरतात चार तास. शिवाय पातळीतला फरक घटल्याने पाणी जातंही हळू, आणि नेमक्या त्याच वेळी धो धो पाऊस असला तर ते आत तुंबतं. इथे बांध उंच करून काहीच साधत नाही. मानशी वाढवाव्या लागतील, नाहीतर पंप बसवावे लागतील.