अमेरिकेतल्या लहान कॉलेजांची बास्केटबॉल कॉन्फरन्स स्पर्धा : पात्रता कशी ठरते, कागदपत्रे कोणती लागतात

फेब्रुवारीच्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य भागात नेस्कॅक या कॉन्फरन्सची, म्हणजे आपापसांत स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची, पुरुष बास्केटबॉलची बाद फेरी रंगते. ॲमहर्स्ट, विल्यम्स, टफ्ट्स, ट्रिनिटी, मिडलबरी अशी एकूण 11 कॉलेजे या कॉन्फरन्समध्ये आहेत. साखळीत प्रत्येक संघ बाकीच्या दहा संघांशी एकेकदा भिडतो आणि त्यावरून क्रमवारी लागते. बाद फेरी जिंकणाऱ्या संघाला एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियमन करणारी संस्था) तिसऱ्या डिव्हिजनच्या, म्हणजे तिसऱ्या गटाच्या, राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. कॉलेजे लहान असली तरी खेळ लहान नाही. विल्यम्सने 2003 मध्ये, ॲमहर्स्टने 2007 आणि 2013 मध्ये, तर ट्रिनिटीने 2025 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आहे.

बारावीनंतर तिकडे शिकायला जाऊ पाहणारी आपली मुले विचारतात, या स्पर्धेचा फॉर्म कुठे भरायचा? असा फॉर्म नसतो. संघ कॉलेजचा असतो आणि खेळाडू पात्र आहे की नाही, हे कॉलेजचा क्रीडा विभाग नियमांनुसार तपासतो. तुमचा खरा अर्ज म्हणजे कॉलेज प्रवेशाचा अर्ज. त्यामुळे फेब्रुवारीतल्या सामन्याची तयारी दीड वर्ष आधी, घरच्या कागदांच्या फायलीपासून सुरू होते.

आधी पैशांचे बघू. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. नेस्कॅकच्या कॉलेजांत आर्थिक मदत मिळते ती कुटुंबाची गरज पाहून. त्यासाठी आई-वडिलांचे आयकर विवरणपत्र, फॉर्म 16 किंवा व्यवसायाचा हिशेब आणि बँकेचे स्टेटमेंट तयार ठेवा. प्रशिक्षकाने उत्साह दाखवला म्हणजे प्रवेश मिळाला असे मुळीच समजू नका. प्रवेशाचे पत्र फक्त प्रवेश कार्यालय देते.

शैक्षणिक कागदांत नववी ते बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळेचे शिफारसपत्र लागते. इथे नावाकडे नीट लक्ष द्या. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते, आईचे नाव वेगळे छापलेले असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. प्रत्येक फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर दुरुस्ती आधीच करून घ्या, कारण ती एका आठवड्यात होत नाही.

आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याला एनसीएएच्या पात्रता केंद्रात ऑनलाइन खाते उघडून हौशी खेळाडू असल्याचे प्रमाणन घ्यावे लागते. आतापर्यंत कोणत्या क्लबकडून, कोणत्या संघातून खेळलात, पैसे मिळाले का, एजंटशी करार आहे का, हे तिथे सांगायचे असते. आपल्याकडच्या स्थानिक स्पर्धांत रोख बक्षिसे सर्रास असतात, कुणाला खेळासाठी मानधन किंवा क्रीडा कोट्यातून नोकरीही मिळालेली असते. यातले काहीही लपवू नका. प्रवासाच्या, राहण्याच्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा, कारण खर्चाइतकी रक्कम आणि त्याहून जास्त रक्कम यांत नियम फरक करतात.

बारावीनंतर एक-दोन वर्षे थांबून इथेच स्पर्धा खेळायचा विचार असेल तर आधी तिथल्या क्रीडा विभागाला विचारा. एकूण चारच हंगाम मिळतात आणि ते पूर्णवेळ शिक्षणाच्या दहा सत्रांत खेळून संपवायचे असतात. उशीर करून खेळत राहिलात तर एखादा हंगाम हातचा जाऊ शकतो. इथल्या कॉलेजात नाव घातले असेल तर ती सत्रेही मोजली जातात.

वैद्यकीय तपासणीचा अहवाल लागतो आणि सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) चाचणीचा निकालही मागतात. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या कुटुंबांना ही चाचणी ओळखीची आहे. आधी झाली असेल तर कार्ड किंवा अहवाल सोबत न्या. वाहक असणे म्हणजे अपात्र असणे नव्हे, तसा खेळाडू खेळू शकतो. मात्र जोरदार सरावात पाणी, उष्णता आणि विश्रांतीची काळजी घ्यावी लागते, म्हणून प्रशिक्षकांना ते माहीत असणे तुमच्याच जिवाच्या हिताचे आहे.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजकडून आय-20 हे प्रवेशाचे प्रमाणपत्र येते, मग परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे 350 डॉलरचे सेविस शुल्क, डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि मुलाखत. हा भाग इतर विद्यार्थ्यांसारखाच.

तिकडे पोहोचल्यावर एक तारीख लक्षात ठेवा. बाद फेरी दुसऱ्या सत्रात येते आणि त्याच सत्राच्या सुरुवातीला विषय बदलायची, सोडायची मुदत असते. जड वाटला म्हणून एखादा विषय सोडला आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याची अट मोडली, तर सामना हातचा जातो आणि एफ-1 व्हिसाही अडचणीत येतो. विषय सोडायच्या फॉर्मवर सही करण्याआधी क्रीडा विभागात आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात, दोन्हीकडे विचारून या.