हायपरसॉनिक ग्लाइड क्षेपणास्त्रे

रॉकेटच्या बळावर वातावरणाच्या वरच्या थरांत नेऊन सोडलेले आणि तिथून पुढे इंजिनाशिवाय, केवळ हवेच्या आधाराने, ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगाने लक्ष्याकडे तरंगत जाणारे लष्करी अस्त्र. ध्वनीची पाचपट म्हणजे मॅक ५, समुद्रसपाटीला ताशी सुमारे ६,१०० किमी. या क्षेपणास्त्राचे दोन भाग असतात. खाली नेहमीचे रॉकेट असते आणि त्याच्या टोकावर पाचरीच्या किंवा शंकूच्या आकाराचे ग्लाइड वाहन बसवलेले असते. रॉकेटचे इंधन संपले की वाहन सुटे होते आणि खरी कसोटी तिथून सुरू होते. याच वेगाने जाणारा दुसरा वर्ग स्क्रॅमजेट इंजिनावर, म्हणजे समोरून वेगाने घुसणाऱ्या हवेत इंधन जाळणाऱ्या इंजिनावर, चालणाऱ्या क्रूझ क्षेपणास्त्रांचा. बातम्यांत या दोहोंची सतत गल्लत होते. युक्रेन युद्धात रशियाने वापरलेले किंझाल तर या दोन्हींत बसत नाही. ते विमानातून सोडले जाणारे बॅलिस्टिक, म्हणजे मुख्यतः फेकलेल्या दगडासारख्या वक्र वाटेने जाणारे, क्षेपणास्त्र आहे.

या अस्त्राची चर्चा वेगाभोवती फिरते, पण वेगात नवे काही नाही. आंतरखंडीय बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचे वॉरहेड (टोकावरचा स्फोटक भाग) सहा दशकांपासून सेकंदाला सुमारे ७ किमी वेगाने वातावरणात परतते आहे. नवी आहे ती वाट. बॅलिस्टिक वॉरहेड १,२०० किमीच्या आसपास उंची गाठून खाली येते आणि त्याचा मार्ग सुरुवातीलाच गणिताने मांडता येतो. ग्लाइड वाहन मात्र प्रवासाचा बराचसा भाग साधारण ३० ते ६० किमी उंचीवरून करते आणि वाटेत वळू शकते. पृथ्वीच्या गोलाईमुळे १,२०० किमी उंचीवरची वस्तू जमिनीवरच्या रडारला साडेतीन हजार किमीवरूनही दिसू शकते. ४० किमी उंचीवरची वस्तू जेमतेम ८०० किमीवर आल्यावर दिसते. सेकंदाला ३ किमी वेग धरला, तर हाती साडेचार मिनिटेही उरत नाहीत. शिवाय तिचा रोख नेमका कोणत्या शहराकडे किंवा तळाकडे आहे, हे शेवटपर्यंत सांगता येत नाही.

कल्पना जुनी आहे. पाण्यावर भिरकावलेली चपटी खापरी टप्पे घेत जाते, तसे वातावरणाच्या वरच्या थरावर टप्पे घेत जाणारे बॉम्बफेकी विमान ऑयगन झेंगर आणि इरेन ब्रेट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत कागदावर मांडले. १९४९ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या छ्येन श्वेसन यांनी टप्पे न घेता सलग तरंगत जाणारा मार्ग सुचवला. १९५५ मध्ये ते चीनला परतले आणि तिथल्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक ठरले. अमेरिकेने १९५९ मध्ये अल्फा ड्रॅको या छोट्या चाचणी वाहनाची उड्डाणे केली. डायना-सोर हे मानवी ग्लायडर मात्र १९६३ मध्ये उडण्याआधीच गुंडाळले.

मग इतका उशीर का लागला? मुख्य अडचण उष्णतेची. बॅलिस्टिक वॉरहेड दाट हवेत थोडाच वेळ असते. ग्लाइड वाहनाला तो मारा मिनिटानुमिनिटे सोसावा लागतो. मॅक २० च्या आसपास त्याच्या पृष्ठभागाचे तापमान १,९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. त्या तापमानाला पोलाद वितळते. म्हणून बाहेरचे कवच कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या कार्बनचे करतात. तेही हळूहळू झिजते, आणि कवचाचा आकार किंचित बदलला तरी हवेचा दाब बदलून वाहन भलतीकडे वळू शकते. भोवतीची हवा आयनीभूत होऊन प्लाझ्माचे वेष्टन तयार होते, त्यामुळे रेडिओ संदेशात अडथळा येतो. कवच, हवा आणि दिशानियंत्रण हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एक सोडवताना दुसरा बिघडतो.

हे सगळे जमिनीवर एकाच वेळी घडवता येत नाही. बीजिंगमधला जेएफ-१२ हा शॉक टनेल, म्हणजे धक्कालहरीच्या जोरावर हवेचा क्षणिक झोत सोडणारा बोगदा, मॅक ५ ते ९ चा प्रवाह निर्माण करतो. त्यातला प्रयोग सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासच टिकतो, आणि तरीही या प्रकारच्या यंत्रणेसाठी हा काळ मोठा मानला जातो. प्रत्यक्ष उड्डाण असते वीस-तीस मिनिटांचे. त्यामुळे खरी प्रयोगशाळा आकाशच, आणि तिथला प्रत्येक प्रयोग महाग.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या एचटीव्ही-२ चे. डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने हे पाचरीसारखे वाहन कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्गहून प्रशांत महासागरातील क्वाजालीनच्या दिशेने सोडले. अंतर साडेसात हजार किमीहून अधिक, अपेक्षित वेळ अर्धा तास. २२ एप्रिल २०१० च्या पहिल्या उड्डाणात नऊ मिनिटांनी संपर्क तुटला. वाहन अपेक्षेपेक्षा जास्त डोलू लागले होते आणि त्यातल्याच यंत्रणेने उड्डाण संपवले. अभियंत्यांनी गुरुत्वमध्य सरकवला, हवेला भिडण्याचा कोन कमी केला. ११ ऑगस्ट २०११ ला वाहन सुमारे तीन मिनिटे मॅक २० वेगाने स्थिर उडाले आणि नवव्या मिनिटाच्या सुमारास पुन्हा गप्प झाले. तपासात निघाले, की कवचाचे तुकडे अंदाजापेक्षा मोठ्या प्रमाणात सोलून निघाले आणि त्यातून उठलेल्या धक्कालहरींनी वाहन लोळवले. ते ज्या धक्क्यांसाठी बनवले होते, त्याच्या शंभरपटीहून अधिक धक्के त्याने त्याआधी पचवले होते. कोणत्याही विंड टनेलने हे दाखवले नसते, आणि म्हणून या दोन उड्डाणांना नुसते अपयश म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अमेरिकेने मग महत्त्वाकांक्षा आवरली. १९८० च्या सुमारास सँडिया प्रयोगशाळेने उडवलेल्या शंकूच्या आकाराच्या वाहनाचा वारस १७ नोव्हेंबर २०११ ला हवाईहून सुटून सुमारे ३,७०० किमीवरच्या क्वाजालीनला पोहोचला. आज अमेरिकेचे सैन्य आणि नौदल जे ग्लाइड वाहन वापरू पाहतात, ते याच घराण्यातले. त्याचीही वाट सरळ नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये चाचणीचे रॉकेटच फसले, २०२३ मध्ये उड्डाणे ऐनवेळी रद्द झाली आणि संपूर्ण क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी २०२४ मध्ये झाली. डार्क ईगल हे त्याच्या सैन्यदलातील रूपाचे नाव. अमेरिकेचे वॉरहेड अण्वस्त्राचे नाही, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. अण्वस्त्र थोडे चुकले तरी विध्वंस करतेच. साध्या वॉरहेडला मात्र नेम अचूक लागतो, म्हणून अमेरिकेचे गणित अधिक अवघड.

चाचणीतली आणखी एक अडचण सहसा सांगितली जात नाही. ज्या गोलाईमुळे शत्रूच्या रडारला हे अस्त्र उशिरा दिसते, ती चाचणी घेणाऱ्यालाही नडते. खालून जाणाऱ्या वाहनाची मोजमापे टिपायची, तर मार्गभर जहाजे, विमाने आणि बेटांवरची रडारे मांडावी लागतात. रशियाला बरेचसे स्वतःच्या भूमीवरून उडवण्याची सोय आहे: २६ डिसेंबर २०१८ ला अवानगार्द हे ग्लाइड वाहन ओरेनबुर्ग प्रांतातल्या दोम्बारोव्स्कीहून सुटून कामचात्कातल्या कुरा चाचणीक्षेत्रात पोहोचले. २०१९ च्या डिसेंबरात रशियाने ते सेवेत आणल्याचे जाहीर केले. त्याची मुळे १९८० च्या दशकात, अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी कवचाला दिलेल्या सोव्हिएत उत्तरात आहेत.

चीनने ग्लाइड वाहनाची पहिली चाचणी जानेवारी २०१४ मध्ये घेतली आणि १ ऑक्टोबर २०१९ च्या संचलनात डीएफ-१७ हे ग्लाइड क्षेपणास्त्र जगासमोर आणले. २०२१ च्या जुलैमधील चाचणीत रॉकेटने ग्लाइड वाहन पृथ्वीला वळसा घालून नेल्याचे वृत्त आले. चीनने ती पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानाची चाचणी असल्याचे म्हटले.

भारतात डीआरडीओने आधी स्क्रॅमजेट हाताळले: ७ सप्टेंबर २०२० ला एचएसटीडीव्ही हे वाहन ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून अग्नी रॉकेटने वर नेले गेले आणि त्याचे इंजिन वीस सेकंदांहून अधिक काळ चालले. त्याच वर्षी हैदराबादेत मॅक ५ ते १२ चा हायपरसॉनिक विंड टनेल सुरू झाला. १६ नोव्हेंबर २०२४ ला त्याच बेटावरून १,५०० किमीहून अधिक पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी झाली, आणि शेवटच्या टप्प्यातील वळणांची नोंद मार्गातल्या जहाजांवरील केंद्रांनी टिपली. घन इंधनाची विद्या पुण्याच्या परिचयाची आहे. पाषाणजवळील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा डीआरडीओसाठी प्रणोदके आणि स्फोटके यांवरच काम करते.

‘अडवता न येणारे अस्त्र’ हे वर्णन अतिशयोक्त आहे. तापलेले वाहन अवरक्त उपग्रहांना दिसू शकते. कॅमेरॉन ट्रेसी आणि डेव्हिड राइट या संशोधकांच्या अभ्यासातून दिसले, की हवेशी घासत वेग गमावल्याने ते ठेंगण्या, म्हणजे नेहमीपेक्षा कमी उंचीच्या, मार्गाने सोडलेल्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राहून लवकर पोहोचत नाही. अमेरिका आणि जपान यांनी तरंगण्याच्या टप्प्यातच ते पाडणारे अस्त्र एकत्र बनवण्याचा करार मे २०२४ मध्ये केला.

करारांच्या बाजूने स्थिती अधिक चिंतेची आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये रशियाने अवानगार्द अमेरिकी निरीक्षकांना दाखवले होते, कारण दोन्ही देशांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ करारात ते मोजले जात होते. त्या कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. डीएफ-१७ आणि डार्क ईगल तर कोणत्याही शस्त्रमर्यादा करारात कधीच नव्हते.