लिस्ट का सेट? पेट्यांच्या हिशोबात कळलेली गंमत

देवगडात आमचा दादा हापूसच्या पेट्यांचं ट्रान्सपोर्ट बघतो. सीझन संपला की त्याच्याकडे दोन फायली असतात, एकीत इथून चढवलेल्या पेट्यांचे नंबर, दुसरीत वाशीच्या बाजारातून आलेल्या पट्ट्यांमधले (पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद), आणि कुठल्या पेटीची पट्टीच आली नाही ते शोधायचं. दोन्हीकडे साधारण ४०,००० नंबर. म्हटलं दे इकडे, पायथनमध्ये (प्रोग्रामिंगची भाषा) पाच ओळींचं काम. लिहिलं, चालवलं, तर पाऊण मिनिट लॅपटॉपचा पंखा नुसता घुरघुरतोय. दादा म्हणतो, "एवढ्यात मी वहीत बघितलं असतं." (नसतं बघितलं, पण असो.)

चूक माझीच, पट्टीतले नंबर मी लिस्टमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक रांगेत, ठेवले होते. लिस्टमध्ये "हा नंबर आहे का" विचारलं की पायथन पहिल्या नंबरापासून एकेक बघत जातो. सरासरी निम्मी रांग तपासायची म्हटली तरी ४०,००० गुणिले २०,०००, म्हणजे ८० कोटी तुलना, आणि जी पेटी नाहीच तिच्यासाठी तर अख्खी रांग.

मग लिस्टचा सेट केला, बदल एका शब्दाचा, आणि एंटरवरून बोट उचलायच्या आत उत्तर. सेट शोधतच नाही हो, नंबरावरूनच जागा काढतो. समजा ८ खणांचं कपाट आहे, १०३७ ला ८ ने भागलं की बाकी ५, थेट पाचव्या खणात बघायचं. १०४५ ची बाकी पण ५ च येते, मग त्याला ठरलेल्या हिशोबाने दुसरा खण. अशी गर्दी फार होऊ नये म्हणून कपाट निम्म्याच्या वर भरत आलं की पायथन मोठं कपाट आणून सगळं परत लावतो. म्हणून बरेच खण रिकामेच, मेमरी जास्त जाते: नेहमीच्या ६४ बिट पायथनमध्ये रिकामी लिस्ट ५६ बाइटची, रिकामा सेट २१६ चा. पाच-सहाच नंबर असतील तर लिस्टच ठेवा, काही फरक पडत नाही.

डिक्शनरी पण याच जातीची, फक्त नंबरासोबत बागायतदाराचं नाव, भाव असं काहीही ठेवता येतं, आणि पायथन ३.७ पासून टाकलेला क्रम पण टिकतो. सेटमध्ये क्रमाची खात्री नाही.

एका ठिकाणी मात्र सेटने गंडवलं. एकच नंबर दोन पेट्यांवर पडला होता, सेटने गुपचूप एकच ठेवला, आणि ते पकडलं दादाने, वहीत बघून.