आत्मत्याग (ख्रिस्ती) : नाशिक परिसर

ख्रिस्ती माणसाने आपली सोय, मानमरातब आणि सुरक्षितता श्रद्धेच्या मागे ठेवावी, या अपेक्षेला आत्मत्याग म्हणतात. तिचा आधार लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. तेथे येशू शिष्यांना दररोज आपला वधस्तंभ उचलून मागे यायला सांगतो.

आज हा आचार ठळकपणे दिसतो तो उपवासकाळात. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचे हे ४० दिवस. त्यात रविवार धरत नाहीत. कॅथलिक नियमानुसार राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी १८ ते ५९ वयाच्या व्यक्तींनी एकदाच पोटभर जेवायचे आणि मांस वर्ज्य करायचे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असे बंधन नाही. कोणी मटण सोडतो, कोणी चहा, आणि वाचलेले पैसे दानात टाकतो. बहुतेक वर्षी याच दिवसांत रंगपंचमी येते, जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी (रंगाचे हौद) उघडतात आणि गल्ल्या रंगाने भरतात. अशा वेळी शेजारपाजारच्या धामधुमीत व्रत सांभाळायचे असते.

नाशिकच्या इतिहासात मात्र जेवणातला घास सोडणे ही किरकोळ बाब होती. चर्च मिशनरी सोसायटीने १८३० च्या दशकात येथे काम सुरू केले आणि १८५० च्या दशकात शहराबाहेर शरणपूर ही वसाहत उभारली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख. बाप्तिस्मा घेतला की घर, जातगोत आणि पाणवठा एकदमच सुटत, म्हणून राहायला जागा आणि हाताला काम देणारी वस्ती लागली. तेथे सुतारकी-लोहारकी शिकवली जाई. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही मुंबईमार्गे येथेच आली. त्यांतला जेकब वेनराइट १८७२ मध्ये आफ्रिकेत मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याकडे गेला. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने. मग सोबत्यांनी तो देह महिनोन्महिने वाहून किनाऱ्यापर्यंत आणला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तो पुरला गेला तेव्हा जेकब तेथे हजर होता. याआधी १८६६ साली लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर गेलेल्या शरणपूरच्या नऊ तरुणांपैकी काहींनी मात्र मध्येच साथ सोडली. मिशनच्या गौरवकथांत हा भाग सहसा गाळला जातो. पण गुलामगिरीतून सुटलेल्या मुलांना फारसे पर्याय नव्हते, हे लक्षात घेतले तर त्यांच्या निष्ठेचे आणि माघारीचेही मोल नीट कळते.

आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, हा या विषयातला सर्वांत अवघड भाग. त्याचे उत्तम उदाहरण नाशिकजवळच्या जलालपूरचे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) तेथे, कडक सोवळ्याच्या घरात जन्मल्या. पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलग आणि प्रतिष्ठा त्यांनी स्वतःहून सोडली होती. लक्ष्मीबाईंना कोणी विचारले नव्हते. नवरा जिवंत असून त्यांचे आयुष्य परक्याच्या ओसरीवर आले. लहानग्या मुलाला घेऊन त्यांनी काही वर्षे वेगळी काढली, त्यांतली काही पंढरपुरात. पुढे त्या टिळकांकडे गेल्या त्याही आपले सोवळे घेऊनच. चूल आणि पाणी वेगळे. हळूहळू जातिभेद माणसानेच केला, या निर्णयाला त्या स्वतः आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या त्यागाबद्दल व्याख्याने होतात. लक्ष्मीबाईंचा त्याग अधिक खोल होता असे म्हणायला हरकत नाही, कारण तो दोनदा झाला : एकदा लादलेला, एकदा निवडलेला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे कुरकुर न करता, उलट स्वतःवर हसत लिहिले आहे. त्यांचे निधन नाशिकलाच झाले.

नाशिक कॅथलिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी यात्रा भरते. मुंबई-गोव्याकडून आणि अन्य धर्मांतूनही भाविक येतात. मेणबत्ती हातात घेऊन रांगेत उभा असलेला माणूस बहुधा नोकरी, मूल, घर किंवा आजारातून उतार मागायला आलेला असतो. म्हणजे सोय सोडायला नव्हे, सोय मागायला. आत्मत्यागाच्या शिकवणीशी याचे थेट जुळत नाही आणि जुळवायची घाईही कोणी करत नाही. राखेचा बुधवार लवकर आला, उदाहरणार्थ २०१६ मध्ये १० फेब्रुवारीला, तर यात्रा थेट उपवासकाळातच पडते.