आगामी कामकाजाचे निवेदन (संसदीय प्रथा)

पुढच्या आठवड्यात सभागृहापुढे कोणते सरकारी कामकाज येणार हे संसदीय कामकाज मंत्र्याने जाहीर करणे आणि त्यावर सदस्यांच्या विचारणांना, सूचनांना प्रतिसाद देणे, अशी ही प्रथा आहे. लोकसभेत हे निवेदन साधारणपणे आठवड्याच्या शेवटच्या बैठकीत, म्हणजे बहुतेक शुक्रवारी होते. कोणती विधेयके विचारार्थ घेणार, कोणत्या खात्याच्या अनुदानाच्या मागण्या (म्हणजे खर्चाच्या मंजुरीचे प्रस्ताव) मतास टाकणार, एवढीच यादी त्यात असते. मंत्री ती दोन-तीन मिनिटांत वाचून मोकळा होतो.

खरी गंमत त्यानंतर असते. सदस्य एकेक करून उठतात आणि ठरलेल्या साच्यात सुरुवात करतात : ‘अध्यक्ष महोदय, निम्नलिखित विषयों को अगले सप्ताह की कार्यसूची में शामिल किया जाए.’ पुढे बहुधा दोन विषय येतात. ते बव्हंशी मतदारसंघातले असतात : रखडलेला पूल, गाडीचा थांबा, पीकविम्याचे अडलेले पैसे. पुढील आठवड्यात त्यांवर चर्चा होईल, अशी भाबडी आशा सहसा कोणी बाळगत नाही. विषय इतिवृत्तात नोंदला जावा आणि गावाकडे दाखवता यावा, हा हेतू असतो, आणि तो गैर मानण्याचे कारण नाही.

मंत्र्याचे उत्तर असले तर तेही ठरीव असते : सूचना कामकाज सल्लागार समितीपुढे ठेवू. या समितीत लोकसभेचे जास्तीत जास्त पंधरा सदस्य असतात आणि खुद्द अध्यक्ष तिचे प्रमुख असतात. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे याची शिफारस ती करते आणि तिचा अहवाल सभागृह स्वीकारते. राज्यसभेच्या अशाच समितीत अकरा जण असून सभापती तिचे प्रमुख असतात. सरकारी कामकाजाचा क्रम मात्र सभागृहनेत्याशी विचारविनिमय करून लावला जातो. त्यामुळे मंत्र्याचे उत्तर फार तर वेळेच्या वाटपापुरते असते. मूळ मागणीबद्दल त्यात होकार नसतो आणि नकारही नसतो.

ब्रिटिश कॉमन्स सभेत हाच प्रकार जास्त जिवंत आहे. तिथे दर गुरुवारी विरोधी पक्षाचा प्रतिनिधी आगामी कामकाज विचारतो आणि सभागृहनेता सुमारे तासभर एकेका सदस्याला उत्तर देतो. विचारणा कामकाजाची, पण विषय गावच्या टपाल कार्यालयापासून परराष्ट्र धोरणापर्यंत कुठलाही. ‘स्थगन चर्चेसाठी (म्हणजे दिवसाचे कामकाज संपताना होणाऱ्या छोट्या चर्चेसाठी) अर्ज करावा’ हे तिथले हमखास उत्तर. आपल्याकडे नुसते वाचन उरले आणि सवाल-जवाब गळाले, हे नुकसानच म्हणावे लागेल.

इंदूरच्या मराठी माणसाला या प्रथेची एक वेगळी बाजू जवळून पाहायला मिळाली. ज्यांच्या नावाने शहराचे सरवटे बसस्थानक ओळखले जाते ते विनायक सीताराम सरवटे मध्य भारतातर्फे संविधान सभेत होते. पुढे 1989 पासून सलग आठ वेळा निवडून आलेल्या सुमित्रा महाजन, इंदूरकरांच्या ताई, 2014 ते 2019 या काळात लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे ज्या समितीकडे सदस्यांच्या सूचना जायच्या, तिचे प्रमुखपद इंदूरच्या खासदाराकडे होते. पण अध्यक्ष वादचर्चेत भाग घेत नाही, प्रश्नही विचारत नाही. शुक्रवारी बाकावरून उठून ‘इंदूरचा अमुक विषय घ्यावा’ असे म्हणण्याची सोय देशातल्या इतर खासदारांना होती. ताईंना, आणि म्हणून इंदूरला, ती पाच वर्षे नव्हती. दालनातला शब्द, मंत्र्यांची भेट, पत्र हे मार्ग अर्थात खुले होते.

याच संदर्भात मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाचे नाव हटकून निघते. मुंबईकडे जाणारी ही जवळची वाट माळव्यातल्या मराठी घरांना जितकी हवी होती तितकीच धुळे–मालेगावकडच्यांना, आणि दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींनी ती वर्षानुवर्षे मागितली. सुमारे 309 किलोमीटरच्या आणि 18,036 कोटी रुपये अंदाजित खर्चाच्या या मार्गाला अखेर 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन त्याआधीच, ऑगस्टमध्ये, संस्थगित झाले होते; म्हणजे मंजुरी आली तेव्हा सभागृह चालूच नव्हते.