ऑईल प्यायलेले ब्रेक शू धुऊन चालत नाहीत
जुन्या ट्रकचं मागच्या अ‍ॅक्सलचं सील (ऑईल आत अडवणारी रिंग) गळून ब्रेकच्या ड्रममधे (चाकाबरोबर फिरणारा डबा) ऑईल आलं की अजूनही सल्ला मिळतो, शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे भाग) पेट्रोलने धुवा, पॉलिश पेपर मारा, झालं काम. नाही होत! शूवरचा लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, सच्छिद्र असतो, ऑईल आत मुरतं, वरून कोरडा दिसला तरी ड्रम तापला की ते परत वर येतं आणि त्या चाकाचा ब्रेक नीट लागत नाही. शू बदलायचेच, तेही दोन्ही चाकांचे. ड्रम धातूचा, तो ब्रेक क्लीनरने साफ होतो.

नुसतं सील बदलूनही भागत नाही हो, अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं छिद्र) चोक असेल तर आत प्रेशर वाढून नवं सीलही गळतं, बेअरिंग ढिलं असेल तरी तेच. आणि ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमधे फुफ्फुसाला घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.